डाग की अनुस्वार

रात्रीचे साडेदहा वाजले होते. जुन्या पुस्तकाचं स्कॅन केलेलं पान दोनशे टक्के मोठं करून ठेवलं होतं आणि त्यातल्या एका टिंबापाशी माझी पंधरा मिनिटं गेली होती. 'मी पाहिलें' की 'मीं पाहिलें'? 'लें'वरचं टिंब ठसठशीत, त्याबद्दल वादच नाही. 'मी'च्या डोक्यावर मात्र वेलांटीला चिकटून काहीतरी फिकट, जरा लांबट असं दिसत होतं. मोठं करावं तर त्याचे चौकोनी ठिपके व्हायचे, लहान करावं तर दिसेनासं व्हायचं.

शेवटी अण्णांना हाक मारली. अण्णा म्हणजे माझे वडील. वय अठ्ठ्याहत्तर. एका छापखान्यात चौतीस वर्षं कंपोझिटर होते, म्हणजे धातूचे खिळे हातानं जुळवून मजकूर उभा करणारे. ऑफसेट छपाई आली, खिळे भंगारात किलोवर गेले आणि अण्णा घरी बसले. मुळाक्षरं उलटी वाचायची सवय मात्र बोटांतून गेली नाही. अजूनही समोरच्याच्या हातातलं वर्तमानपत्र ते आपल्या बाजूनं वाचून मोकळे होतात.

"अण्णा, जरा बघता का? हा अनुस्वार आहे की डाग?"

ते भिंग घेऊन आले. स्क्रीनला भिंग लावून काही उपयोग नसतो हे मी त्यांना सांगत नाही. बराच वेळ पाहून म्हणाले, "अनुस्वार गोल असतो. हे लांबट आहे. कागदातलं तूस आहे हे."

"म्हणजे नुसतं 'मी'?"

"तसं कुठं म्हणालो? पाहिलें म्हणजे तृतीया. 'मीं' हवं. लिहिणाऱ्यानं लिहिलंही असेल."

"मग गेलं कुठं?"

"कंपोझिटरनं खाल्लं असेल, नाहीतर खिळ्याचं मोडलं असेल. अनुस्वार, मात्रा यांचं टोक खिळ्याबाहेर आलेलं असायचं. मशीनच्या दाबाखाली तेच पहिलं जायचं. निम्मी आवृत्ती टिंबासकट, निम्मी टिंबाशिवाय." भिंग पुसून खिशात ठेवत त्यांनी शेवटचं सांगितलं, "आता तू ठरव. मी सुटलो."

जुनी, हक्क संपलेली मराठी पुस्तकं टंकून, तपासून, टिपा घालून सगळ्यांना फुकट खुली करायची, हे काम आम्ही सात-आठ जण जमेल तसं करतो. मराठी विकिस्रोत या इंटरनेटवरच्या खुल्या ग्रंथालयात हे चालतं. त्यातल्या तिघांना मी कधीही भेटलेलो नाही. एक जण रात्री दोनला जागा असतो, तेव्हा तो परदेशात असावा किंवा त्याला निद्रानाश असावा. पद्धत सोपी आहे. डावीकडे मजकूर, उजवीकडे स्कॅन केलेलं पान. यंत्रानं ओळखलेली अक्षरं मूळ पानाशी ताडून बघायची. हात न लावलेलं पान लाल. एकानं तपासलं की पिवळं. दुसऱ्यानं पुन्हा तपासलं की हिरवं. जिथं काही अडलंय ते निळसर. गंमत अशी की जे पान मी पिवळं केलं ते मलाच हिरवं करता येत नाही. दुसरा डोळा लागतोच. छापखान्यातही हाच नियम होता, असं अण्णा सांगतात. ज्यानं जुळवलं त्यानं प्रूफ वाचायचं नाही, कारण माणूस आपलीच चूक प्रेमानं बरोबर वाचतो.

यंत्राच्या चुकांचे दोन प्रकार. 'ख'चा 'रव' करणं, जोडाक्षराचा चेंदामेंदा करणं या चुका निर्लज्ज असतात, लगेच दिसतात. भीती असते ती सभ्य चुकांची. 'घर'चं 'धर', 'भाग'चं 'माग', 'वाट'ची 'बाट'. शब्द अर्थपूर्ण असतो, वाक्यही कसंबसं चालतं, आणि डोळा पुढं सरकतो. शुद्धलेखन तपासणाऱ्या सोयी इथं कामाच्या नाहीत, कारण १८८० सालचं 'कांहीं', 'नाहीं', 'घरांत' त्यांना सगळंच लाल दिसतं. त्यात आणखी एक डोकेदुखी आहे, अर्ध्या 'र'ची. 'दुसऱ्या'तला हा र टंकायच्या दोन रीती आहेत. दोन्ही दिसायला सारख्या आणि संगणकाच्या लेखी वेगळ्या. एका रीतीनं शोधलं तर दुसऱ्या रीतीनं लिहिलेलं सापडत नाही. पुस्तकात शब्द आहे, डोळ्यांना दिसतो आहे, आणि शोध म्हणतो की नाही.

बाकी टिंबांचं म्हणाल तर ती नुसती नक्षी नव्हती. 'ती आली' म्हणजे एक बाई आली. 'तीं आलीं' म्हणजे मुलं आली असतील. १९६२च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले आणि शाळेतल्या पिढ्या सुटल्या, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जुनं पुस्तक छापताना ते टिंब काढायचा हक्क मला नाही. एकदा गटात नवीन आलेल्या एका उत्साही माणसानं रात्रभर बसून चाळीस पानं 'शुद्ध' केली. आजच्या नियमांनी. सगळी टिंबं झाडून टाकली. सकाळी ती परत लावताना मला माझ्या आजीची आठवण झाली. पाहुण्यांनी कौतुकानं आवरून ठेवलेला स्वयंपाकघराचा फडताळ ती अशीच न बोलता पुन्हा लावायची.

हक्क संपलेली म्हणजे कोणती, हे लोक नेहमी विचारतात. आपल्याकडे १९५७च्या कायद्यानं लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. आधी पन्नास होती, १९९२मध्ये साठ झाली. मोजणी मृत्यूच्या पुढच्या जानेवारीपासून. त्यामुळे एक जानेवारी हा आमचा सण. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, ते २०११ला मोकळे झाले. रियासतकार सरदेसाई २०२०ला, महर्षी कर्वे २०२३ला, मामा वरेरकर २०२५ला. 'मोकळे झाले' हा आमच्यातला शब्द. एकदा फोनवर मी "या वर्षी कोण मोकळं होतंय?" असं विचारलं, तेव्हा शेजारी बसलेल्या बायकोनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती सांगण्यासारखी नाही.

पण मोकळी होते ती संहिता. तिच्यावर नंतरच्या विद्वानांनी लिहिलेली प्रस्तावना, टिपा, परिशिष्टं यांचा हक्क त्या विद्वानांचा, आणि तो पुढं कित्येक वर्षं चालू असतो. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२चं. ते कधीच मोकळं झालं. ते विस्मरणातून बाहेर काढलं स. गं. मालशे यांनी १९७५मध्ये. त्यांचे श्रम मोठे, पण त्यांनी लिहिलेलं आम्हाला उचलता येत नाही, आणि येऊही नये. म्हणजे मूळ पुस्तक फुकट मिळालं तरी ते समजण्यासाठी लागणाऱ्या टिपा आपल्यालाच नव्यानं, स्वतः शोधून लिहाव्या लागतात. खरं काम इथं सुरू होतं. भांडणंही इथंच.

ताराबाईंचं पुस्तक उघडलं की बाई थेट भांडायला उभ्या राहतात. कुणाशी, कशावरून, हे तेव्हाच्या वाचकाला सांगायची गरज नव्हती. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल १८८१मध्ये फाशीची शिक्षा झाली, अपिलात ती टळली, आणि वर्तमानपत्रांतून सगळ्या स्त्रीजातीवर ताशेरे सुरू झाले. ताराबाई उसळल्या त्या यावर. हे ठाऊक नसलं तर पहिल्याच पानावर वाटतं की ही बाई एवढी का चिडली आहे. मग त्या 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' अशी नावं घेऊन तेव्हाच्या कादंबऱ्यांना झोडपतात. पहिली १८६१ची, दुसरी १८६८ची. आज त्या कोण वाचतं? तेव्हा टीप हवी.

इथपर्यंत एकमत. पुढं मात्र ज्याचं त्याचं. गटातल्या एका मास्तरांचं म्हणणं, 'सोवळं' यालाही टीप हवी. दुसरीचं म्हणणं, मग 'कुंकू' यालाही द्या, 'सासू' यालाही द्या. वाचणार कोण आहे डोळ्यांसमोर? परभणीत एम.ए. करणारा मुलगा, की न्यू जर्सीत वाढलेली, आजीकडून मराठी शिकलेली मुलगी? मी ठामपणे म्हणालो होतो की 'आलवण' शब्दाला टीप नको, सगळ्यांना माहीत आहे. दुसऱ्या दिवशी भाचीला सहज विचारलं. पुण्यात वाढलेली, मराठी माध्यमाची, वाचणारी मुलगी. म्हणाली, "मामा, आळवण ना? गाणं आळवणं?" केशवपन केलेल्या बाईला आयुष्यभर नेसावं लागणारं ते तांबडं लुगडं, एका पिढीत गाण्यात विरघळून गेलं होतं. चांगलंच झालं म्हणायचं, एका परीनं. पण टीप घातली.

अण्णांचं मत विचाराल तर टीप हा प्रकारच वाईट. कारणं वाङ्मयीन नाहीत. खालची टीप बारीक टाइपात जुळवायची, वर तारा, दुसरी टीप आली की क्रुसासारखी खूण. आणि संपादकानं शेवटच्या प्रुफात एक टीप वाढवली की त्या पानाच्या दोन ओळी पुढच्या पानावर, त्याच्या दोन त्याच्या पुढच्या, असा अख्खा फर्मा, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचा गठ्ठा, ढकलत न्यायचा. "एका टिपेसाठी सोळा पानं," असं ते अजून म्हणतात, जणू काल घडलं. "ज्याला टीप जुळवावी लागते तो लिहिताना दहादा विचार करील." आम्हाला जुळवावी लागत नाही. दोन खुणांमध्ये लिहिलं की टीप आपोआप खाली जाऊन बसते, आकडा आपोआप पडतो. त्यामुळेच आम्ही फार लिहितो, हे त्यांचं निदान मला मान्य करावं लागलं, पण ते पुढं.

आधी माझी फजिती सांगतो. मुंबईत छापलेलं एकोणिसाव्या शतकातलं एक पाकपुस्तक हाती होतं. त्यात तूप शेरावर, साखर शेरावर. आजच्या वाचकाला शेर कळायचा नाही म्हणून मी झोकात टीप घातली: १ शेर = ८० तोळे = सुमारे ९३३ ग्रॅम. तोळा ११.६६ ग्रॅमचा, गुणाकार बरोबर, कोशातही ऐंशी तोळे. पान पिवळं झालं, हिरवंही झालं. त्यावरून एका मैत्रिणीनं दिवाळीत पदार्थ करून पाहिला आणि मला फोन केला. "अरे, तुझ्या पुस्तकातली माणसं तूप पीत होती का?"

शोधू लागलो तेव्हा खड्ड्याची खोली कळली. ऐंशी तोळ्यांचा शेर हा बंगाली, नंतर सरकारी झालेला. मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा, त्याचे चाळीस शेर. म्हणजे मुंबईचा शेर ११.२ औंसांचा, सव्वातीनशे ग्रॅमच्याही आत. जवळजवळ तिपटीचा फरक! त्याखेरीज गावोगावचे कच्चे शेर, पक्के शेर, आणि धान्याचा मापी शेर, जो वजन नसून माप आहे. आईला विचारलं तर ती म्हणाली, "अरे, शेर म्हणजे आमच्याकडं तांदळाचं पितळी माप. तूप कोण शेरानं मोजतं?" हेही एक उत्तरच होतं. शेवटी टीप बदलली: 'मुंबईचा जुना शेर, सुमारे ३१७ ग्रॅम, इतर ठिकाणी वेगळा.' त्या आधीच्या दोन महिन्यांत मात्र कुणीतरी आमचा सगळा मजकूर उचलून, नाव न घेता, ई-पुस्तक करून विकायला काढला होता. मजकूर खुला आहे, विकायला हरकत नाही, श्रेय द्यायचं असतं एवढंच. श्रेय नाही, पण ९३३ ग्रॅम तसेच आहेत. माझं असं जगात जे काही विकलं जातंय त्यात ही चूक पहिली.

टीप चुकली तर दुरुस्त होते. संहितेतच हात घातला तर काय होतं, याचं उदाहरण मराठीत प्रसिद्ध आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणा मिळवायला उत्तरेत निघाले आणि बंडात सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. त्यांचं मोडीतलं हस्तलिखित चिंतामणराव वैद्यांनी १९०७मध्ये 'माझा प्रवास' म्हणून छापलं, पण भाषा सारखी करून, काही गाळून, काही बदलून. वाचकांच्या सोयीसाठीच केलं, यात शंका नाही. मूळ बखर जशीच्या तशी छापली ती दत्तो वामन पोतदारांनी, १९६६मध्ये. मधली जवळजवळ साठ वर्षं लोक वैद्यांचे शब्द गोडसे भटजींचे म्हणून वाचत होते. म्हणून आमच्यात एक नियम आहे आणि त्यावर तडजोड नाही: मूळ संहिता वेगळी, सटीप प्रत वेगळी. मूळ पानावर छापखान्याची चूकसुद्धा चूक म्हणूनच राहते. जुन्या पुस्तकांत जातींबद्दल, बायकांबद्दल जे शब्द येतात ते वाचवत नाहीत. एका सदस्यानं असे शब्द गुपचूप सौम्य केले होते. हेतू चांगला होता. पण सौम्य केलेल्या पुस्तकावरून कुणाला वाटेल की तेव्हा सगळं सौम्यच होतं. आणि ज्यांनी ते शब्द सोसले त्यांच्यावर हा दुसरा अन्याय. आम्ही ते परत घातले.

अर्थात या कामात आमच्याआधी नाथ बसलेले आहेत. शके १५०६, म्हणजे १५८४. ज्ञानेश्वरी होऊन जवळजवळ तीनशे वर्षं झाली होती, हातानं उतरवता उतरवता पाठ बिघडले होते. एकनाथांनी प्रती ताडून पाहिल्या आणि शेवटी लिहून ठेवलं:

ग्रंथ पूर्वींच अतिशुद्ध । परी पाठांतरीं शुद्ध अबद्ध ।

ग्रंथ मुळात शुद्धच, बिघडवला तो उतरवणाऱ्यांनी. कुठल्याही मुद्रितशोधकाला हे भिंतीवर लावावंसं वाटेल. पण पुढची एक ओवी आम्हा टीपकारांसाठी आहे:

ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओंवी करील मऱ्हाटी । तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥

नरोटी म्हणजे करवंटी. (बघा, यालाही टीप लागली.) मला यात कौतुक वाटतं ते नाथांच्या हाताचं. स्वतः केवढे कवी, भागवतावर टीका लिहिणारे, रामायण रचणारे. लेखणी हातात, समोर नऊ हजार ओव्या, आणि पुसट झालेली एखादी जागा. तिथं एखादी ओवी सहज बसली असती, कुणाला कळलंही नसतं.

मला अर्थात तो मोह वेगळ्या रूपात होतो. विजयालक्ष्मीवरची माझी टीप सुरुवातीला दीड ओळीची होती. मग वाटलं, खटल्यावरच्या वर्तमानपत्री वादाचं लिहावं. मग वाटलं, जोतीराव फुले १८८५मध्ये आपल्या 'सत्सार' या पुस्तिकेत ताराबाईंच्या बाजूनं उभे राहिले, ते इथं न सांगून कसं चालेल? मग १९७५चं पुनःप्रकाशन. मग थोडं माझं मत, अगदी अर्धी ओळ. टीप अकरा ओळींची झाली. छान झाली होती. दोनदा वाचली. खाली टीप आणि वर मजकूर राहिला असता चार ओळी, अण्णांच्या छापखान्यात.

त्या रात्री 'मी'वरचं टिंब मी शेवटी दिलं नाही. दिसत नाही ते छापायचं नाही. शेजारी सटीप प्रतीत एवढंच लिहिलं: 'मूळ पानात अस्पष्ट, व्याकरणानं "मीं" अपेक्षित.' पान पिवळं केलं. जाता जाता ताराबाईंच्या पहिल्या पानावरची अकरा ओळींची टीपही जतन केली आणि झोपलो.

सकाळी चहा घेताना बघितलं तर दोन्ही पानं हिरवी होती. रात्री दोनला जागणाऱ्यानं तपासली होती. टिंबाच्या जागी त्यानं काही बदललं नव्हतं. फक्त त्याच पानावर खाली एका 'धर'चं 'घर' केलं होतं, जे मी तीनदा वाचून सोडलं होतं. दुसऱ्या पानावरची टीप आता दीड ओळीची होती. सुरत, १८८१, फाशी, अपील. बदलाच्या कारणाच्या रकान्यात त्यानं एकच शब्द लिहिला होता: 'नरोटी'.

मी अण्णांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून ती दीड ओळ वाचली, बोटांनी हवेत काहीतरी मोजलं आणि म्हणाले, "बारीक टाइपात बसेल. पान ढकलावं लागणार नाही."